मुठीच्या आतलं नाव

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता. त्याच्या पदरी जपानच्या बेटांवरून आलेला एक लोहार होता. तीन वर्षं खपून त्यानं राजासाठी एक आखूड तलवार घडवली. पात्याच्या पोलादातच क्रौंचाची पिसं उमटली होती. मुठीपाशी पितळेचा क्रौंच मान वळवून बसला होता.

लोहाराच्या देशी रीत अशी, की पात्याचा जो भाग मुठीत दडतो, त्यावर घडवणाऱ्यानं आपलं नाव कोरायचं. मूठ चढली की ते कुणाला दिसत नाही.

राजाला हे कळलं. तो म्हणाला, "माझ्या हत्यारात दुसऱ्याचं नाव? घासून टाका."

हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारणीला बोलावणं गेलं. तिनं कानस घेतली आणि एकेक करून नावाच्या तेराही रेघा घासल्या. लोहार उभा राहून बघत होता. "बाई, हलक्या हातानं," एवढंच तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी तो मेला.

त्याच घटकेला पितळेचा क्रौंच उडून तळ्यावर गेला आणि राज्यातली सगळी नावं पुसली गेली. द्वारपालानं राजाला विचारलं, "आपण कोण?" राजाला सांगता येईना. शिकलगारणीला लेकीचं नाव आठवेना. "ए पोरी" म्हटलं की गल्लीतल्या साऱ्या पोरी वळायच्या, तिची तेवढी वळायची नाही. हाकेवाचून ती पोर दिवसेंदिवस विरत चालली. तिच्यातून मागची भिंत दिसू लागली.

शिकलगारीण राजाकडून तलवार मागून घेऊन तळ्यावर गेली. क्रौंच एका पायावर उभा होता.

"शाप कसा उतरेल?"

"नाव पुन्हा कोर. थंड पोलाद कोरलं जाणार नाही, तापवलंस तर पिसं जळतील. म्हणून तळ्याच्या तळची माती आणून पात्याला लेप दे. लोहाराची विझलेली भट्टी पेटव. मग कोर."

तळ्यानं माती दिली आणि बदल्यात शिकलगारणीचं प्रतिबिंब ठेवून घेतलं. भट्टी सातव्या दिवशी पेटली, तोवर तिचे केस राखेच्या रंगाचे झाले.

राहिलं नाव. शाप नसता तरी ते कुणाला सांगता आलं नसतं. त्या लोहाराला नाव कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्याची अक्षरंही तिला वाचता येत नव्हती. तिनं डोळे मिटले. ज्या हातानं घासलं, त्या हाताला सगळं आठवत होतं: ही आडवी, ही उभी, ही तिरपी. बारा रेघा झाल्या. तेरावीला छिन्नी रुतेना.

क्रौंच म्हणाला, "खोडणाऱ्याचं नाव द्यावं लागेल. सगळ्यांना आपापलं परत मिळेल, तुला नाही."

"हुकूम राजाचा होता."

"कानस तुझ्या हातात होती."

तिला लेकीमागची भिंत आठवली. "घे," ती म्हणाली आणि तिनं हातोडा मारला.

क्रौंच मुठीपाशी येऊन बसला, पितळेचा झाला. शिकलगारीण धावत घरी आली. "बकुळे!" पोर वळली. तिचा हात ऊन लागत होता.

राजवाड्यासमोर दवंडी पिटली, की रणधवल महाराजांनी शाप उतरवला. इनामाच्या यादीसाठी कारकुनानं विचारलं, "बाई, नाव?" तिनं नकारार्थी मान हलवली.

"जाऊ दे," राजा म्हणाला. "शिकलगारीण लिही."

राज्य पहिल्यासारखं चालू लागलं. दर दसऱ्याला तलवारीची पूजा होते, मूठ मात्र कुणी काढत नाही. शिकलगारणीला शेजारी 'बकुळेची आई' म्हणत. पुढं बकुळा सासरी गेली, तेव्हापासून तेही कुणी म्हणेना.