टिटवीचा कोल्हा

माळावर माणसाची पायवाटही उमटली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. तिथल्या एका टिटवीची अंडी कोल्ह्याने तिच्या डोळ्यांदेखत खाल्ली होती.

पुढच्या उन्हाळ्यात तिने खड्यांमध्ये पुन्हा चार अंडी घातली. कोल्हा माळ सोडून केव्हाच गेला होता, पण वाळकं गवत सळसळलं की टिटवीला तोच दिसायचा. मग ती अंडी टाकून उठायची आणि ओरडत सगळा माळ पालथा घालायची. टिटवा सांगून थकला, "अगं, तिथे कोणी नाही." तिलाही ते कळत होतं, पण कळून भीती जात नव्हती.

एका भर दुपारी ती अशीच उठली. अंड्यांना गारवा द्यायला टिटवा पोटाची पिसं भिजवायला ओढ्यावर गेला होता. दोघं परतली तोवर उघडी पडलेली तीन अंडी उन्हाने करपली होती. दगडाच्या सावलीतलं चौथं तेवढं वाचलं.

"मागच्या वेळी कोल्हा होता," टिटवी म्हणाली. "या वेळी मीच."

टिटव्याने भिजलेली पिसं चौथ्या अंड्यावर टेकवली. मग म्हणाला, "तो तुझ्या मनात येणारच. येऊ दे. तू फक्त उठू नकोस."

चौथ्या अंड्यातून पिल्लू निघालं, त्याच दिवशी गवत सळसळलं. टिटवी थरथरली, पण बसून राहिली.

"आई, कापतेस का गं?" पंखाखालून पिल्लाने विचारलं.

"कोल्हा आलाय."

"मग पळायचं?"

"नको. बसून राहिलं की जातो तो," टिटवी म्हणाली, आणि न फुटलेल्या त्या तीन अंड्यांवरही तिने पंख ओढून घेतला.