बारकू बाळाचं नाव आणायला जातो

बुटक्यांच्या एका गावात एक भोळा बाप होता. त्याचं नाव बारकू.

गाव डोंगराच्या कुशीत होतं. घरं दगडात कोरलेली, दारं आपल्या कमरेएवढी, आणि गावात माणसांपेक्षा भुतं जास्त. सगळ्यात जास्त भुतं पोथीआळीत. ती शास्त्र्यांची वस्ती. तिथे सकाळपासून वाद चालायचे. वाद घालता घालता एखादा शास्त्री मेला, तर तेराव्याला परत यायचा आणि म्हणायचा, "हां, तर मी काय म्हणत होतो..."

त्याला कुणी हाकलत नसे. पोथ्यांच्या फळ्या उंच, शास्त्री बुटके. वरच्या फळीवरची पोथी काढायची, तर तरंगणारा कुणीतरी लागतोच.

तर या बारकूला लग्नानंतर सात वर्षांनी मुलगा झाला. बायकोला, हौसाला, आनंद झाला आणि त्याच घटकेला काळजी लागली. बाळ झोपलं की ती त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची. बाळ जागं असलं की ते झोपत का नाही म्हणून बघायची. पण सगळ्यात मोठी काळजी नावाची.

त्या गावची रीतच तशी होती. बाराव्या दिवशी सूर्य बुडायच्या आत बाळाच्या कानात तीनदा नाव सांगायचं. नाव पोथीआळीतून आणायचं, आणि आणायचं ते बापानेच. नाव वेळेत मिळालं नाही, तर एखादं रिकामटेकडं भूत पाळण्यात डोकावतं, आपलं स्वतःचं नाव बाळाला सांगतं, आणि मग बाळ त्याचंच होऊन बसतं. शेजारच्या चंद्राक्काच्या पोराचं असंच झालं होतं. ते दीड वर्षाचं पोर पायावर पाय टाकून बसायचं, अडकित्ता मागायचं आणि आईला 'सूनबाई' म्हणायचं.

हौसा बाळंतीण. बारा दिवस तिला उंबरा ओलांडायचा नव्हता. म्हणजे सगळी मदार बारकूवर. आणि बारकू कसा? तिने एकदा सांगितलं होतं, "दुधाकडे लक्ष ठेवा." त्याने ठेवलं. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली. शेवटपर्यंत त्याचं लक्ष दुधावरच.

नवव्या दिवशी हौसाने त्याला समोर बसवलं.

"शास्त्रीबुवा नाव सांगतील. ते विसरायचं नाही. वाटभर म्हणत म्हणत या."

"म्हणत म्हणत येतो," बारकू म्हणाला आणि गेला.

पोथीआळीत गुंडोशास्त्री बसले होते. त्यांची दाढी इतकी लांब की त्यांनी ती कमरेला खोचली होती. त्यांच्या मेलेल्या गुरुजींनी तरंगत जाऊन वरची पोथी काढून दिली. शास्त्र्यांनी ती चाळली.

"मणिराज," ते म्हणाले. "चांगलं नाव आहे. जपून ने."

बारकू निघाला. "मणिराज! मणिराज!" अगदी खणखणीत. पाणवठ्याच्या पायरीवर एक भूत बसलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी ते स्वतःचं नाव विसरलं होतं, तेव्हापासून तिथेच बसून आठवत होतं.

"काय म्हणालास?" भुताने विचारलं.

"मणिराज."

"कुणाचं आहे?"

"अजून कुणाचंच नाही."

"मग मी घेऊ?"

"घ्या की," बारकू म्हणाला.

त्या गावात घेतलेलं नाव घेणाऱ्याचं. बारकू हात हलवत घरी आला.

"आणलंत नाव?"

"आणत होतो. मणिराज. पाणवठ्यावर एकाने मागून घेतलं. बिचारा गरजू होता."

हौसाने कपाळाला हात लावला. "अहो, मोलाची वस्तू अशी उघड्यावर आणतात का? ती पागोट्यात घालायची, पागोटं डोक्यावर घट्ट बांधायचं, आणि घर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही!"

"असं होय!" बारकू म्हणाला. "आधी सांगायचंस ना."

दहाव्या दिवशी तो परत गेला. गुंडोशास्त्री डोकं खाजवत म्हणाले, "दुसरं नाव शोधायला मला वेळ लागेल रे. तोवर बाळाला जपायला हवं. ही मंतरलेली शाई घे. पाळण्याभोवती चार रेघा मार. रेघेच्या आत भूत येत नाही. मोलाची शाई आहे, बरं का!"

मोलाची म्हटल्यावर बारकूचे डोळे लकाकले. त्याने पागोटं सोडलं, दौत त्यात उपडी केली आणि पागोटं डोक्यावर घट्ट बांधलं.

"अरे बारक्या, हे काय करतोस?" शास्त्री ओरडले.

बारकूने तोंड उघडलं नाही. घर यायचं होतं ना.

शाई कपाळावरून, नाकावरून, मिशीवरून खाली आली. रस्त्यातली भुतं त्याला बघून भिंतीत शिरली. घरात बाळाने त्याला पाहिलं आणि असा टाहो फोडला की चंद्राक्काचं पोर शेजारून ओरडलं, "सूनबाई, कानात बोळे घाल!"

"शाई कुठाय?" हौसाने विचारलं.

बारकूने डोक्याकडे बोट दाखवलं. पागोटं पिळलं तर दोन थेंब निघाले. त्यात एक रेघसुद्धा होईना.

हौसाला रडावं की त्याचं तोंड धुवावं ते कळेना. तिने तोंड धुतलं. धुता धुता म्हणाली, "अहो, सांडणारी वस्तू डब्यात घालायची. वर झाकण दाबायचं, फटीला कणीक लावायची. वारासुद्धा आत जाता कामा नये!"

"असं होय! आधी सांगायचंस ना."

अकराव्या दिवशी गुंडोशास्त्री त्याला दारातच म्हणाले, "पागोटं काढून ठेव." मग त्यांनी आत नेऊन एक पेटती पणती त्याच्या हातात दिली. "ही पोथीघरातली पणती. माझ्या पणजोबांपासून विझलेली नाही. ही जवळ असेल तोवर भूत पाळण्याकडे फिरकणार नाही. सांभाळ हो."

बारकू कोपऱ्यावर वळला. खिशातून कणकेचा गोळा काढला, पिशवीतून डबा काढला. पणती आत ठेवली, झाकण दाबलं, फटीला कणीक लावली. वारासुद्धा आत गेला नाही.

घरी येऊन त्याने डबा हौसापुढे ठेवला. "उजेड आत आहे. एक थेंब सांडला नाही."

हौसाने झाकण उघडलं. आतून धुराची एक बारीक रेघ वर आली, छताला टेकली आणि नाहीशी झाली.

या वेळी मात्र हौसा खरंच रडली. बाळाला छातीशी धरून रडली. "उद्या बारावा दिवस. माझं लेकरू उद्या मला सूनबाई म्हणेल हो!"

बारकूला फार वाईट वाटलं. "मग मी काय करायला हवं होतं?"

"अहो, पणती होती ती!" हौसा हुंदके देत म्हणाली. "तिला मोकळी हवा द्यायची. मधून मधून तूप घालायचं. हाताचा आडोसा करून हळूहळू आणायची आणि थेट पाळण्याशी ठेवायची!"

"असं होय! आधी सांगायचंस ना."

त्या रात्री त्याने तो धडा शंभर वेळा घोकला. हवा, तूप, आडोसा, पाळणा.

बाराव्या दिवशी निघताना त्याने तुपाची लोटी कमरेला बांधली. हौसाने त्याचे दोन्ही हात धरले.

"आज एकच लक्षात ठेवा. परत आलात की पाळण्यात वाका आणि बाळाच्या कानाला तोंड लावा. मग मी जे म्हणेन तेच तीनदा म्हणा. एक अक्षर पदरचं घालायचं नाही, एक अक्षर गाळायचं नाही."

"तू म्हणशील तेच."

"शपथ?"

"बाळाची."

गुंडोशास्त्री आज कामाला लागले होते. तीन दिवसांत त्यांना दुसरं नाव काही मिळालं नव्हतं, पण पाणवठ्यावरचं ते भूत त्यांनी पकडलं होतं. एका वाळक्या भोपळ्यात ते कोंडलं होतं, आणि तोंडाला मेणाचं बूच.

"नीट ऐक बारक्या," ते म्हणाले. "गावकुसाबाहेर दरी आहे. तिथून हा भोपळा खाली फेक. भूत जाईल दरीत, नाव होईल मोकळं. मग धावत घरी जा आणि बाळाच्या कानात मणिराज म्हण. फेकायचा. समजलं?"

"समजलं."

बारकू दरीपाशी आला. त्याने भोपळा डोक्यावर उचलला. तेवढ्यात आतून कुणीतरी धापा टाकल्याचा आवाज आला.

बारकू थबकला. काल काय झालं होतं? हवा मिळाली नाही म्हणून पणती गेली. हौसा किती रडली! आज तरी शहाण्यासारखं वागायला हवं.

त्याने बूच काढलं. हवा दिली. लोटीतलं थोडं तूप आत ओतलं. आतून समाधानाचा ढेकर आला. मग हाताचा आडोसा करून तो एकेक पाऊल टाकत निघाला. दहा पावलांवर तूप. वीस पावलांवर तूप. सकाळचा निघालेला बारकू संध्याकाळ झाली तरी वाटेतच.

घरी पाळणा सजवला होता. भूत दरीत गेलं की मणिराज मोकळं होईल, असा शास्त्र्यांचा निरोप हौसाला दुपारीच आला होता. आळीतल्या बायका जमल्या होत्या. चंद्राक्काचं पोर अडकित्ता वाजवत म्हणत होतं, "सूनबाई, आमच्या वेळी इतका उशीर होत नसे." सूर्य डोंगराच्या कडेला टेकला. हौसाची नजर दारावर.

तेवढ्यात बारकू आला. कुणाकडे न बघता त्याने भोपळा पाळण्याच्या उशाशी ठेवला.

"काम झालं?" हौसाने विचारलं.

"सगळं तू सांगितलंस तसंच."

"मग वाका! लवकर! सूर्य चालला!"

बारकू वाकला. त्याने बाळाच्या कानाला तोंड लावलं. हौसाने 'मणिराज' म्हणायला तोंड उघडलं.

आणि भोपळ्यातून एक डोकं वर आलं. मिशा तुपाने चकचकीत. त्याने पाळण्यात डोकावून पाहिलं आणि ते खुशीत म्हणालं, "वा! नाव माझ्याकडे आहेच. आता बाळही मिळालं."

हौसा किंचाळली, "अहो, आणलंत काय हे!"

बारकूने बाळाची शपथ घेतली होती. त्याने एक अक्षर घातलं नाही, एक गाळलं नाही.

"अहो आणलंत काय हे," तो बाळाच्या कानात म्हणाला. "अहो आणलंत काय हे. अहो आणलंत काय हे."

सूर्य बुडाला.

भूत पाळण्यावर ओणवलं आणि गोड आवाजात म्हणालं, "मणिराज! ए मणिराज!" बाळाने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग बारकू म्हणाला, "अहो आणलंत काय हे?"

बाळ खुदकन हसलं.

नाव बसलं होतं. ज्याला नाव आहे त्याला भूत शिवत नाही. हौसाने बाळाला उचललं, त्याचे पापे घेतले, मग नवऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा बाळाचे पापे घेतले. भूत बिचारं ओशाळून कोपऱ्यात बसलं. तुपाची चटक लागल्यामुळे ते काही गेलं नाही. उगाच बसण्यापेक्षा म्हणून पाळण्याची दोरी ओढू लागलं. बाळंतिणीला तेवढाच हातभार.

दुसऱ्या दिवशी गुंडोशास्त्री नाव पोथीत लिहायला आले.

"काय ठेवलंत नाव?"

"अहो आणलंत काय हे," बारकू म्हणाला.

शास्त्र्यांनी आपले दोन्ही रिकामे हात बघितले. "मी कुठे काय आणलं?"

त्यांना समजावण्यात दुपार झाली. मग पोथीआळीत वाद पेटला. हे नाव आहे की प्रश्न? अर्धे शास्त्री एका बाजूला, अर्धे दुसऱ्या. त्यातले दोघे वाद घालता घालता वारले. तेराव्याला परत आले. वाद अजून चालू आहे.

बाळ मात्र छान वाढलं. आता ते आळीत खेळतं. संध्याकाळ झाली की हौसा दारात उभी राहून हाक मारते, "अहो आणलंत काय हे!" नेमका त्याच वेळी बारकू बाजारातून पिशवीभर भाजी घेऊन येत असतो. हाक ऐकली की तो जागच्या जागी थांबतो. पिशवीत बघतो.

"असं होय!" म्हणतो. "आधी सांगायचंस ना."

आणि सगळी भाजी परत करून येतो.

म्हणून त्या घरात रोज नुसता तूपभात असतो. आणि भुताने तूप ठेवलं नसेल, तर नुसता भात.