खुन्याचं चित्र

“सूर्य मावळायच्या आत मला खुन्याचं चित्र हवं!” राजा गरजला. “नाहीतर तू फासावर!”

सटवाजीने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. म्हणजे राजा त्याच्याशीच बोलत होता!

सटवाजी चित्रशाळेत रंग घोटायचा. बारा वर्षं घोटून हाताला घट्टे पडले, पण त्या हाताला चित्र काही वश झालं नाही. त्या दिवशी सकाळी मुख्य चितारी नारोबा चित्र काढता काढताच कोसळले. वैद्यांनी जीभ पाहिली आणि म्हणाले, “विष!” पण नारोबांचा निर्जळी उपास होता. पाण्याचा थेंबही तोंडात गेला नव्हता. मग विष गेलं कसं? कुणालाच सांगता येईना. पिवळ्या रंगातला हरताळ विषारी असतो आणि तो सटवाजी घोटतो, एवढं मात्र सगळ्यांनी भराभर सांगितलं!

“महाराज, मला साधी रेघ सरळ काढता येत नाही,” सटवाजी चाचरत म्हणाला.

“ते तुझं तू बघ! साक्षीपुराव्यांचा मला कंटाळा आहे. चित्र आण!”

सटवाजी आपल्या खलापाशी जाऊन बसला. घाबरला की त्याचं डोकं चालत नसे, आणि तो घाबरलेला नाही असा दिवस उगवत नसे. समोर चौघे चितारी माना खाली घालून काम करत होते. सटवाजी त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. बारा वर्षांत तेवढं एक काम त्याला फार छान जमू लागलं होतं. इतक्यात एकाने सवयीने कुंचला ओठांत धरला, टोक काढलं आणि रेघ ओढली.

सटवाजी ताडकन उठला. मांडीवरचा खल थेट पायावर पडला. “आई गं! सापडलं!”

तो बाजारात जाऊन आला आणि नारोबांची कुंचल्यांची डबी नि चौघा चिताऱ्यांना घेऊन लंगडत दरबारात शिरला.

“महाराज, हे नारोबांचे कुंचले. या चौघांनी याच कुंचल्यांनी तुमच्या मिशीचा एकेक केस काढावा.”

“एकच?” राजा हिरमुसला.

तिघांनी कुंचला भिजवला, ओठांत धरून टोक काढलं आणि केस रेखला. चौथे केरोबा. नारोबांच्या खालोखाल त्यांचाच मान. त्यांनी मात्र टोक चिमटीत धरून वळवलं.

“केरोबा, ओठांत नाही धरलात?” सटवाजीने विचारलं.

“जिभेला फोड आलाय.”

“अरेरे! आणि त्याच जिभेवर चुना लावलेलं पान चघळताय?”

दरबारात खसखस पिकली. केरोबा लाल झाले. “रंगघोट्या! चिताऱ्यांना शिकवतोस?”

“छे हो! माझी काय अक्कल! बारा वर्षं नुसता बघतोय. तुम्ही सगळे कुंचला ओठांत धरता, तुम्हाला ते कळतही नाही. नारोबांचंही तसंच. उपासाला त्यांच्या तोंडात गेला तो फक्त कुंचला!”

राजा उठून उभा राहिला. “केरोबा, घाल तो तोंडात!”

केरोबांच्या हातून कुंचला गळला. त्यांनी लोळण घेतली. “दया करा महाराज! मुख्य चिताऱ्याचा मान मला हवा होता!”

शिपायांनी त्यांना उचललं. इकडे उरलेले तिघे थू थू करत सैरावैरा धावू लागले.

“अहो, थांबा!” सटवाजी ओरडला. “कुंचले कोरे आहेत, आत्ताच आणलेत. डबी तेवढी नारोबांची!”

“हे झालं,” राजाने खिडकीबाहेर पाहिलं. सूर्य डोंगराला टेकला होता. “पण माझं चित्र कुठाय?”

सटवाजीने हात जोडले. “महाराज, मी केरोबांचं चित्र काढलं असतं, तर शिपाई ते घेऊन गावभर हिंडले असते आणि म्हैस पकडून आणली असती!”

राजा इतका हसला की मुकुट सावरावा लागला. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून सटवाजीच्या मनगटात घातलं. “आजपासून चित्रशाळेचा कारभार तुझ्याकडे! पण एक अट. कुंचल्याला हात लावायचा नाही!”

“महाराज,” सटवाजी म्हणाला, “याहून मोठं बक्षीस ते कोणतं!”