पानपाखरू बसलं तो राब

घाटमाथ्यावरच्या आंबेरखिंडीत उन्हाळ्यात आलेले पाहुणे एक गोष्ट पाहून हसतात. हसू द्या. भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, फांद्या आणि सुका पाला पसरून जाळायचा, याला राब भाजणं म्हणतात. इथली बाई मात्र काडी ओढण्याआधी दोन्ही हात कोपरापर्यंत पाल्यात घालून सगळा राब चाचपते. हे पानपाखरामुळं, असे सांगतात. वरच्या रानातलं हे फुलपाखरू पंख मिटले की हुबेहूब सुकं पान दिसतं, उघडले की निळंशार.

फार पूर्वी वाडीत ठमा नावाची सून होती. तीन लेकरं मातीआड झाल्यावर तिला बायजी झाली. पोर तीन वर्षांची. राबाच्या दिवशी ती सासूजवळ आहे असं ठमाला वाटलं, आणि आईजवळ आहे असं सासूला.

"वारा पडलाय तवर चूड लाव गं," सासू धोंडाई बांधावरून ओरडली. "उठला तर डोंगर पेटंल."

ठमानं एका कडेला गवताची पेटती चूड लावली. जाळ सरकू लागला. तेवढ्यात पलीकडच्या कोपऱ्यातलं एक पान उडालं, निळं झालं आणि परत तिथंच बसलं. धूर आला तसं पुन्हा उडालं, पुन्हा तिथंच बसलं. आगीपुढून मुंगीसुद्धा पळते, मग हे पाखरू का हटेना? ठमानं बांधाकडं पाहिलं. सासू एकटीच उभी होती.

"आत्याबाई, बायजी कुठाय?"

"तुझ्यापाशी न्हाय?"

आणि वारा उठला. ठमा कोपऱ्याशी पोचली तेव्हा वरचा पाला धडधडून पेटला होता. पाखरू बसलं होतं नेमक्या त्याच जागी तिनं दोन्ही हात खुपसले. खाली, पहाटेच्या गारठ्यात उबेला शिरलेली बायजी गाढ झोपली होती. पोरीचा केसही जळला नाही, म्हणे. पाखरू शेवटपर्यंत उठलं नाही.

ठमाच्या हातांची बोटं मात्र एकमेकांना चिकटली ती कायमची. तिला घासही उचलता येईना. धोंडाई मरेपर्यंत सुनेला भरवत राहिली. "माझीच जीभ उतावळी," म्हणायची, आणि घास फुंकून गार करायची.

आजही राबाच्या दिवशी आंबेरखिंडीत कुठलीच सून आपल्या हातानं जेवत नाही. तिला सासू भरवते. वर्षभर दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य असलं, तरी त्या दिवशी सासू प्रत्येक घास फुंकून देते.