बिनकड्याची सुगरण

त्या राज्यात झाडावर राहायचं तर पायात कडं लागे. ज्याचं अंडं हद्दीच्या आत फुटलं, त्याच्याच पायात ससाणे कडं घालत.

केरी नावाच्या सुगरणीला कडं नव्हतं. तिचे डोळे उघडायच्या आत आईनं तिला चोचीत धरून डोंगर ओलांडला होता. पलीकडचं तिला काहीच आठवत नसे. तिची किलबिलसुद्धा इथलीच होती.

वडावरच्या मोठ्या शाळेत आधी पाय बघत. दलदलीच्या काठाला मात्र पाणकोंबडीबाईंची लव्हाळ्यातली शाळा होती. बाई नव्या पिल्लांना सांगत, "इथं चोच बघतात. पाय चिखलात असू द्या, म्हणजे कुणाला दिसायचे नाहीत."

केरी तिथं विणायला शिकली. सुट्टीत सगळे दाणे टिपायला गेले तरी ती गाठी सोडवत बसे. "काय गं, पैंजण घरीच राहिले वाटतं?" साळुंकी टोमणा मारायची. केरी पाय आणखी खोल रुतवायची.

शिक्षण पुरं झालं की पहिलं घरटं बाभळीवर टांगायची रीत होती. तिथं टांगलं तरच पुढं विणायचं काम मिळे. केरीचं घरटं वर्गात सगळ्यांत सुबक झालं होतं. तिला सोबत म्हणून बाई स्वतः निघाल्या.

फांदीवर ससाणा बसला होता.

"वीण झकास आहे," तो म्हणाला. "पाय दाखव."

"अहो, ही माझी विद्यार्थिनी. एवढीशी होती तेव्हापासून..."

"बाई, तुमच्या शाळेबद्दल तक्रार नाहीच. पाय."

केरीनं पाय पुढं केले. बाईंनी मान खाली घातली. त्यांना शिकवता येत होतं, फांदी देता येत नव्हती.

केरी घरटं उचलून वळली, तसा ससाणा म्हणाला, "थांब. एवढी चोच वाया कशाला घालवायची? एका कामाला कडं लागत नाही. डोंगरापलीकडे न्यायला टोपल्या हव्यात."

केरीचा जीव भांड्यात पडला. "दार कुठं ठेवू?"

"बाहेरून बंद होईल असं कुठंही."

"केवढी विणू?"

ससाण्यानं मान तिरकी केली. "घरी कितीजण आहात?"

"आई, मी आणि दोन थोरले."

"मग चौघं मावतील एवढी."

केरीनं डोंगराकडे बघितलं. मग तिनं एक पातं उचललं आणि पहिली गाठ मारली. ती जरासुद्धा सैल नव्हती.