गेनबा कासार आनंदी व्हायला निघाला

कुठल्याशा एका गावात एक भोळा कासार राहायचा. त्याचं नाव गेनबा. बांगड्या भरण्यात हात लोण्यासारखा मऊ. मनगट कितीही जाड असो, एक बांगडी तडकायची नाही. पण गेनबाला जे सांगाल ते तो तस्संच करायचा, आणि एकदा लक्षात ठेवलेलं जन्मात विसरायचा नाही. त्याची बायको सगुणा याच गुणाला टरकून असे.

सगुणाने सोळा सोमवारचं व्रत धरलं होतं. मागणं एकच. "महादेवा, माझ्या धन्याला चार माणसांत शोभेल एवढी अक्कल दे." दिवसदिवसभर उपाशी राहून सोळा सोमवार पार पडले. आता उरला सतरावा, उद्यापनाचा. त्या दिवशी कणकेचा तूपगूळ घालून चुरमा करायचा, त्याचे तीन वाटे करायचे. एक देवाचा, एक दारी आलेल्या पाहुण्याचा, एक घरच्यांचा. पाहुण्याच्या मुखी वाटा पडल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. यात काही चुकलं, तर सोळाच्या सोळा पुन्हा पहिल्यापासून.

नेमके त्याच आठवड्यात गावात प्रफुल्लसर आले. पांढरा झब्बा, कानाला माईक. देवळाच्या सभामंडपात त्यांनी सात दिवसांचं 'आनंदी जीवन शिबीर' मांडलं. सरांचं जेवण रोज एका घरी. सोमवारची पाळी सगुणाकडे आली. "चला, पाहुणा आपल्या पायांनी चालत आला," म्हणून तिने देवळाच्या दिशेने हात जोडले आणि गेनबाला शिबिराला पाठवलं. म्हटलं, देव अक्कल कुठल्या वाटेने पाठवील, काय सांगावं?

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "आपण दुःखी का? कारण आपल्याला 'नाही' म्हणता येत नाही. कुणी काही मागितलं की ठामपणे 'नाही' म्हणा. बघा, मन कसं हलकं होतं!"

गेनबाने ते लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई दुकानात आल्या. त्यांच्या मुलीचं, सुलोचनेचं, लग्न पंधरवड्यावर आलं होतं.

"गेनबा, चुड्यासाठी हिरव्या बांगड्या दाखव."

"नाही."

"नाहीत? संपल्या?"

"आहेत. पण नाही."

पाटलीणबाई तणतणत निघून गेल्या. सगुणाने कपाळाला हात लावला. "अहो, दारात कुणी आलं की हसून पुढं व्हावं. 'या, बसा, सगळं तुमचंच आहे,' म्हणावं. हवं ते घेऊ द्यावं."

"एवढंच ना? लक्षात ठेवतो," गेनबा म्हणाला.

सगुणाने पाटलिणीच्या घरी जाऊन पाय धरले, चुड्याच्या बांगड्या स्वतः नेऊन दिल्या, तेव्हा कुठे ते मिटलं. तेवढ्या वेळात इकडे अंगणात शेळ्या आल्या. अंगणात उद्यापनाचे पाच शेर गहू धुऊन वाळत घातले होते. गेनबा हसून पुढे झाला.

"या, बसा. सगळं तुमचंच आहे."

शेळ्या बसल्या नाहीत. बाकी सगळं त्यांनी ऐकलं. सगुणा परतली तेव्हा चटईवर ओंजळभर गहू होते आणि गेनबा एका शेळीला विचारत होता, "अजून काही लागेल का?"

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, गव्हाला तोंड लावताना दिसलं की काठी उचलावी! 'हाऽड्' म्हणून ओरडावं आणि पार वेशीपलीकडे पिटाळून यावं!"

"असं होय? लक्षात ठेवतो."

ही बातमी शेजारच्या यमुनाकाकूंना कळली. काकूंचं वय सत्तर, जीभ विळीसारखी, मन मात्र सायीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आपल्या घरचे गहू सुपात भरून घेऊन आल्या. "सगुणे, उद्यापन अडायचं नाही हो," म्हणत त्यांनी गहू चटईवर ओतले. नीट वाळलेत की नाहीत, हे बघायला बायका करतात तसं, एक दाणा दाताखाली धरून कुट्कन फोडला.

गेनबाने ते पाहिलं.

"हाऽड्!"

"अरे मेल्या, मी यमुना!"

"हाऽड्! हाऽड्!"

काकू पुढे, काठी मागे. वेशीपलीकडे गेल्यावर गेनबाने काठी खाली ठेवली, काकूंना नमस्कार केला आणि घरी आला. काकू लालबुंद होऊन वेशीच्या दगडावर धापा टाकत राहिल्या, हेही त्याने सगुणाला सांगितलं.

"अहो, काय केलंत हे!" सगुणा ओरडली. "माणूस असं लाल होऊन धापा टाकायला लागलं की घागर घेऊन धावावं! तोंडावर पाणी मारावं, उचलून सावलीला न्यावं!"

"पाणी मारावं, सावलीला न्यावं. लक्षात ठेवतो."

सगुणा घागर घेऊन वेशीकडे धावली, पण काकू रागाने दुसऱ्या वाटेने घरी गेल्या होत्या. दाराला कडी. "तुझ्या नवऱ्याला अक्कल आली की मग मला हाक मार," एवढंच आतून ऐकू आलं.

संध्याकाळी शिबिरात सर श्वासाचा आनंद शिकवत होते. चौरंगावर बसून ते जोरजोरात श्वास घेत होते, त्याहून जोरात सोडत होते. पोट आत, पोट बाहेर. हळूहळू सरांचा चेहरा लाल झाला. सरांना धाप लागली.

पुढे काय झालं ते सरांना नीट आठवत नाही. घागरभर गार पाणी, मग दुसरी घागर, आणि मग आपण देवळामागच्या निंबाखाली पडलेलो. माईकमधून मात्र गावभर ऐकू आलं, "बरं वाटतंय का, सर?"

दुसऱ्या दिवशी सर शिंकत शिंकत गेनबाकडे बघून म्हणाले, "आज शेवटचा आणि मोठा धडा. काही माणसं आपल्या आनंदावर पाणी ओततात. सतत खोट काढतात, नावं ठेवतात. अशा माणसाला धरा, घराबाहेर काढा, दाराला कडी घाला. मग बघा, घरात कसा आनंद येतो!" उरलेले दिवस सरांनी आराम केला. आनंदाला विश्रांती लागते, असं ते म्हणाले.

गेनबा घरी आला. खुंटीला दोन दोरे बांधून बांगड्या ओवू लागला.

"हे काय हो?" सगुणाने विचारलं.

"कोण किती वेळा खोट काढतं ते मोजतोय. हिरवा दोरा तुझा. सात झाल्या. तांबडा दुसऱ्या कुणाचा निघाला तर."

"आणि मोजून काय करणार?"

"ज्याच्या जास्त, त्याला बाहेर काढून कडी."

सगुणाने बोटं मोजली. सोमवार दोन दिवसांवर. उद्यापनाच्या दिवशी आपणच घराबाहेर! तेव्हापासून तिने एकही खोट काढली नाही. गेनबाने भाजीत केरसुणी ठेवली, तरी म्हणाली, "छान ठेवलीत."

सोमवार उजाडला. पूजा झाली, बेल वाहिला. तिन्हीसांजेला सगुणाने चुरम्याचे तीन वाटे केले. देवाचा वाटा देवापुढे ठेवला. सर आले, पाटावर बसले. पान वाढलं. सगुणा सकाळपासून पाण्यावर होती.

"चुरमा जरा कोरडा वाटतोय," सर घास घेण्याआधीच म्हणाले.

गेनबाने तांबड्या दोऱ्यात एक बांगडी ओवली.

"तूपही घरचं नसावं. भिंतीला ओल आहे. पाट डुगडुगतो. पान फाटकं आहे. समई धूर करते. पंखा नाही? वहिनी, हे उपास म्हणजे अडाणीपणा. स्वतःवर प्रेम करा. माझ्यासारखं, वेळच्या वेळी जेवा."

आठ. गेनबाने दोनदा मोजल्या. मग उठला, सरांना पाटासकट उचललं, अंगणात ठेवलं आणि दाराला कडी घातली.

बाहेरून सर दार बडवू लागले. "अहो, माझा चुरमा!"

"नाही," आतून गेनबा म्हणाला.

"नाही? संपला?"

"आहे. पण नाही."

सगुणाने वाढलेल्या पानाकडे पाहिलं. दारी आलेला पाहुणा उपाशी गेला. सोळा सोमवार मातीत. तिने पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. यमुनाकाकू.

"तुझं उद्यापन, आणि मी रागावून घरात बसू? तेवढं पाप नको ग मला. रडतेस कशाला?"

सगुणाने सगळं सांगितलं. काकूंनी खिडकीतून अंगणात बघितलं. सर पाट बगलेत मारून चालले होते. काकू खुदकन हसल्या.

"वेडे, मी दारी आले नाही का? आण तो वाटा इकडे." त्यांनी चुरम्याचा घास घेतला. "आणि शाबास रे गेनबा! आज पहिल्यांदा बरोबर माणूस उचललास. खोट काढणारा पाटावर दिसला की अस्साच उचलावा!"

"लक्षात ठेवतो, काकू."

सगुणाने देवापुढे डोकं टेकलं. महादेव पावला! धन्याला अक्कल आली. त्या रात्री ती पोटभर जेवली आणि पोटभर हसली.

आठवडा गेला. पाटलांकडे सीमंतपूजन होतं. लग्नाआधी नवरीचे आईबाप नवरदेवाला पाटावर बसवून पाय धुतात, ते. सारा गाव मांडवात. चार माणसांत धन्याची अक्कल दिसावी म्हणून सगुणाने गेनबाला इस्त्रीचा सदरा घातला आणि पाणी वाढायच्या कामाला पुढे उभं केलं.

पाटलांनी नवरदेवाचे पाय धुतले. नवरदेवाने नाक मुरडलं.

"पाणी गार आहे. अंगठी बारीक आहे. गाडी तांबडी सांगितली होती, ही पांढरी का? मुलगी फोटोत उजळ दिसत होती."

गेनबाने हातातली घागर खाली ठेवली.

मांडवाला दार नसतं. पण गेनबाला आता अक्कल आली होती. त्याने नवरदेवाला पाटासकट उचललं, फुलांनी सजवलेल्या पांढऱ्या गाडीत ठेवलं, दार लावलं आणि बॉनेटवर थाप मारली.

"हाऽड्! वेशीपलीकडे!"

ड्रायव्हर दचकला आणि सुटला.

"माझा बाळ! माझा बाळ कुठाय?" वरमाई किंचाळली. "परत आणा त्याला!"

"नाही," गेनबा म्हणाला.

आतल्या खोलीत, दाराच्या फटीतून, सुलोचना सगळं बघत होती. तिने तोंडात पदर कोंबला होता, तरी हिरव्या बांगड्या खुळखुळ वाजत होत्या. इतकं हसू त्या पोरीला महिन्याभरात आलं नव्हतं.

पाटील मात्र उठले. रागाने लालबुंद झालेले, धापा टाकत ते गेनबाच्या अंगावर धावून आले.

गेनबाने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. लाल. धापा. त्याला सगळं आठवलं.

त्याने घागर उचलली.

सगुणाने डोळे मिटून हात जोडले, आणि पुढच्या सोमवारपासून पुन्हा सोळा धरले.