शेंदूरघळीच्या पुलावरची वाट

थांबा पाहुणे, असंच पाऊल टाकू नका. आधी पुलाकडे बघून 'येतो' म्हणा. हसलात तरी चालेल, पण म्हणा. मी इथल्या देवळाचा गुरव. येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगायचं काम आमच्या घराकडे पिढ्यानपिढ्या आहे.

हा पूल यल्लप्पा वडाराने बांधला असं सांगतात. पाचांपैकी चार कमानी उभ्या राहिल्या, मधली तीनदा कोसळली. नदी माणूस मागतेय, असं गावाने ठरवून टाकलं. यल्लप्पा कुणाचा जीव द्यायला तयार होईना. तेव्हा आमच्या एका पूर्वजाने त्याला युक्ती सुचवली. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणतं का? 'येतो'च म्हणतात. मग नदीला बोल, 'जो पहिला "जातो" म्हणून पुलावर पाय ठेवील, तो तुझा.' नदीचाही मान राहील आणि जाणार कुणीच नाही. अक्कल बघा आमची! यल्लप्पा पाण्यात उभं राहून तसा नवस बोलला आणि मधली कमान टिकली.

चैत्रात कठड्याचा शेवटचा दगड बसायचा होता. पाच दिवस घरी न फिरकलेल्या नवऱ्यासाठी नागव्वा भर दुपारी भाकरी घेऊन आली. तो कामातून मान वर करीना. नवसाचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने दुरडी त्याच्यापुढे आदळली.

"तुमचा पूल तुमालाच लखलाभ. मी जाते म्हायेरी!"

माहेर पलीकडच्या काठाला. ती पुलावर चढलीसुद्धा.

"येते म्हण! नागव्वा, येते म्हण!" ओरडत यल्लप्पा धावला.

मधल्या कमानीवर ती मागे वळली, तिने तोंड उघडलं, आणि तिथे कुणीच नव्हतं. खाली घोट्याएवढं पाणी. ते हललंही नाही म्हणे. दुरडीतली भाकरी अजून गरम होती.

त्यानंतर यल्लप्पा रोज 'जातो' म्हणून पुलावर चढायचा आणि रोज पलीकडे सुखरूप पोचायचा. नदीने कबूल केलेलं एकच माणूस घेतलं होतं. मरेपर्यंत त्याने हेच केलं. मला त्याच्या या फेऱ्यांचंच जास्त वाईट वाटतं.

नवस कधीच फिटला म्हणता? असेल. पण आमच्या घरच्या अकलेवर आता आमचाच भरवसा नाही, म्हणून 'येतो' म्हणायचं.

आजही चैत्रातल्या दुपारी मधल्या कमानीखालून बाईचा आवाज येतो, "येते." मीही ऐकलाय. तो आला की आम्ही कठड्याला टेकून उभे राहतो आणि वाट मोकळी सोडतो. अजून तरी कुणी आलेलं नाही.